गुन्हेशास्त्राच्या पदवीचे पुढे काय?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रे एकाच विषयावर आली. मजकूर थोडा आटोपता करून ती येथे उत्तरांसह देत आहे.

प्रश्न : आम्ही आर्वी तालुक्यातले कोरडवाहू कास्तकार. मुलगी यंदा कला शाखेतून बारावी झाली. बाहेरगावच्या एका खासगी महाविद्यालयाचा माणूस घरी येऊन गेला. गुन्हेशास्त्राची पदवी घेतली की मुलगी थेट सीआयडीत अधिकारी होते, नाही तर फॉरेन्सिक प्रयोगशाळेत लागते, असे त्याने सांगितले. शुल्कासाठी बैलजोडी विकावी लागेल. विकावी काय?

उत्तर : एवढ्या शब्दावर विकू नका. सीआयडी ही राज्य पोलीस दलाचीच शाखा असून तेथील तपास अधिकारी दलातूनच जातात. दलात अधिकारी म्हणून जाण्याची रुळलेली वाट म्हणजे लोकसेवा आयोगाची पोलीस उपनिरीक्षक पदाची परीक्षा आणि तिला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. त्या परीक्षेपुरते बोलायचे तर आपल्या मुलीच्या गुन्हेशास्त्राच्या पदवीचे आणि शेजारच्या मुलाच्या मराठीच्या पदवीचे वजन सारखेच आहे. शिपाई भरतीला तर बारावीच पुरते.

प्रयोगशाळेची गोष्ट आणखी वेगळी आहे. गुन्हा का घडतो, गुन्हेगाराचे पुढे काय करावे, ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला काय मिळावे, या प्रश्नांचा विचार करणारे गुन्हेशास्त्र हे सामाजिक शास्त्र आहे. रक्त, विष, बंदुकीची गोळी, हस्ताक्षर यांची तपासणी करणारे न्यायसहायक विज्ञान, म्हणजेच फॉरेन्सिक, हे रसायन, जीव आणि भौतिक शास्त्रांवर उभे आहे. नागपूर आणि अमरावती येथील प्रादेशिक प्रयोगशाळांत विश्लेषकाच्या पदांसाठी विज्ञानाचीच पदवी लागते. कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीला त्या माणसाने प्रयोगशाळेचे नाव सांगावे, यावरूनच त्याला विषय किती ठाऊक आहे ते कळते.

घरात धाकटे कोणी दहावीला असेल आणि विज्ञानाची ओढ असेल, तर मात्र हा रस्ता जरूर पाहावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे फौजदारी तपास आणि खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या नव्या कायद्यानुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक ठरले असून, राज्यांना त्याची तयारी करण्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. त्यामुळे अशा मनुष्यबळाची गरज वाढणार, हे उघड आहे. नागपुरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे आणि गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठानेही आता नागपुरात पाऊल ठेवले आहे.

मुलीसाठी माझा सल्ला असा की, तिने जवळच्या महाविद्यालयात समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन बी. ए. करावे आणि गुन्हेशास्त्राकडे पदव्युत्तर पातळीवर वळावे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याची 'गुन्हेशास्त्र आणि न्याय' या विषयातील एम. ए. पदवी मिळते, तेथील प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतो. समाजकार्य आणि गुन्हेशास्त्र अशी दोन्ही नावे एकाच पदवीत असल्याचा उपयोग काय, ते पुढच्या उत्तरात येईल. कोर्टकचेरीची आवड असेल, तर बी. ए. नंतर तीन वर्षांचे विधी शिक्षण घ्यावे, कारण सरकारी अभियोक्ता व्हायचे तर वकिलीची सनदच लागते. तो माणूस पुन्हा आलाच, तर पदवीवर कोणत्या विद्यापीठाचे नाव असेल हे लेखी मागा आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्या दोन मुलींशी बोलणे करून द्यायला सांगा. बहुधा तो पुन्हा येणार नाही.

प्रश्न : मी उमरखेड तालुक्यातला. गुन्हेशास्त्रात एम. ए. केले आहे. उपनिरीक्षकाची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा मैदानी चाचणीत मागे पडलो. वय 27. आईवडिलांमुळे यवतमाळ जिल्हा सोडता येत नाही. माझ्या शिक्षणाचे काम जवळपास कुठे आहे का?

उत्तर : आहे, मात्र त्याला खाकी वर्दी नाही, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी, म्हणजे अपराध्याची घरची परिस्थिती तपासून त्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवता येईल का ते पाहणारा अधिकारी, म्हणून मी नोकरीची बहुतेक वर्षे याच कामात काढली, तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो.

बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार प्रत्येक जिल्ह्यात बाल न्याय मंडळ आणि बाल कल्याण समिती असते, तसेच महिला व बाल विकास विभागाचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. एखादा सोळा वर्षांचा मुलगा मोटारपंप चोरताना सापडला, तर त्याला मंडळासमोर प्रथम उभे केल्यापासून पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यासाठी त्या मुलाच्या घरी जावे लागते, बाप सोयाबीन काढणीला कुठे गेला आहे, शाळा कधी सुटली, चोरीचा माल घेणारा कोण, हे विचारावे लागते. गावातला पाटील एक सांगतो आणि मुलाची आजी दुसरे सांगते. एम. ए. च्या पुस्तकात वाचलेले सिद्धांत पहिल्यांदा उपयोगी पडतात ते तेथे, आणि तोकडेही तेथेच पडतात. मोठ्यांच्या बाबतीत अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 आहे. एकवीस वर्षांखालील अपराध्याला जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात तुरुंगात धाडण्यापूर्वी न्यायालयाने असाच अहवाल मागवून विचार करावा, असे तो सांगतो.

अडचण अशी की, या कक्षांतील बरीच पदे कंत्राटी असतात आणि जाहिरातींत समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र, विधी अशा पदव्यांची नावे असतात. गुन्हेशास्त्राचे नाव अनेकदा नसतेच. जाहिरात लिहिणाऱ्याला हा विषय ठाऊक नसतो, एवढेच त्याचे कारण असावे, असे मला वाटते. पण कारण काहीही असले तरी अर्ज बाद होतो तो आपला. म्हणून तुम्ही नोकरी शोधताना समाजकार्याची पदव्युत्तर पदवी किंवा एल. एल. बी. जोडून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिसरी धाव, अर्थात, पुन्हा मैदानावर घेऊ शकता. पण तिच्यावरच सगळे टांगून ठेवू नका.

दरम्यान जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. मानधन फार नसते, परंतु तुरुंगातील कच्च्या कैद्यांची कागदपत्रे जवळून पाहायला मिळतात. वर सांगितलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक खटले असतील तर ही सवलत मिळत नाही. असे कैदी शोधून काढणारा, तारखा जुळवून अर्ज तयार करण्यास मदत करणारा माणूस प्रत्येक तुरुंगाला हवा असतो.

आणखी एक वाट अभ्यासाची आहे. महाविद्यालयात प्राध्यापक होण्यासाठीच्या यूजीसीच्या नेट या पात्रता परीक्षेत गुन्हेशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. विदर्भात संशोधनाचे विषय तर पायाशी पडले आहेत. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. एकमेकांना लागून असलेल्या जिल्ह्यांत एकाच गुन्ह्याचे नियम इतके बदललेले दुसरीकडे क्वचितच सापडतील. आपल्या भागातले पारधी बेडे पाहा : 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा तो शिक्का 1952 मध्ये कायद्यातून गेला, पोलीस ठाण्याच्या संशयितांच्या यादीतून किती गेला, हे कोणी तरी मोजायला हवे. तुमच्यासारख्या तेथल्याच माणसाला ते बाहेरच्यापेक्षा अधिक नीट करता येईल.

वयाचे म्हणाल तर 27 हे उशिराचे वय नाही. बाल न्याय मंडळावर समाजकार्यकर्ता सदस्य व्हायलाच किमान 35 वर्षे वय लागते आणि मुलांसाठीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव विचारला जातो. ती वर्षे तुम्ही आजपासून मोजू शकता.

प्रश्न : खासगी गुप्तहेराचा सहा महिन्यांचा डिप्लोमा केल्यास परवाना मिळतो का? (एक वाचक, दर्यापूर)

उत्तर : नाही. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे; गुप्तहेर संस्थांसाठीचे विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. परवानाच नसल्याने डिप्लोमा त्याची हमी देऊ शकत नाही. विमा कंपन्यांना अपघाताच्या दाव्यांची चौकशी करणारी माणसे लागतात, तेथे विचारणा करून पाहा. कोणाच्या फोनचे तपशील चोरून मिळवून देण्याचे काम मात्र कितीही पैसे मिळाले तरी स्वीकारू नका. त्यात गुप्तहेराचाच आरोपी होतो.