१:७२ प्रमाणात नेपोलियनकालीन फ्रेंच तोफ घरी कशी तयार करावी?

नेपोलियनकालीन फ्रेंच बारा पौंडी तोफेची (बारा पौंड वजनाचा गोळा डागणाऱ्या तोफेची) १:७२ प्रतिकृती घरी कशी करावी, असे आपण विचारले आहे, तेव्हा मापापासून सुरुवात करावी. १७६५ च्या ग्रिबोव्हाल पद्धतीतील (फ्रेंच सेनाधिकारी ग्रिबोव्हाल यांनी आखलेल्या तोफरचनेतील) या तोफेच्या नळीचा आतला व्यास सुमारे १२१ मिलिमीटर आणि लांबी त्याच्या साधारण १८ पट होती, म्हणजे प्रतिकृतीची नळी जवळपास ३० मिलिमीटर भरते. तिच्यासाठी जुन्या ब्रशचा निमुळता लाकडी दांडा मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तो ड्रिलमध्ये पकडून फिरवत पॉलिश पेपरने घासला की उतार सगळीकडून सारखा येतो. नळीवरची कडी मात्र फेविकॉलमध्ये भिजवलेल्या शिवणाच्या दोऱ्याचे दोन-तीन घट्ट वेढे देऊन उठवावीत. खरा कस चाकांत लागतो. कागदावर वर्तुळ आखून त्यावर टूथपिकचे आरे एकेक करून चिकटवावेत आणि घाई अजिबात करू नये. गाड्याच्या बाजू जाड पुठ्ठ्याच्या चालतात. लाकूडकाम ऑलिव्ह हिरवे, लोखंडी पट्ट्या काळ्या आणि नळी कांस्याच्या रंगाची असावी. नळीच्या खुंटांसाठी (नळीच्या दोन्ही अंगांना आडव्या निघणाऱ्या, गाड्यावर टेकणाऱ्या दांड्यांसाठी) गाड्याच्या प्रत्येक बाजूवर दोन खाचा कोराव्यात: पुढची गोळाबारीसाठी, मागची कूच करताना नळी मागे सरकवून ठेवण्यासाठी.