याशिका मॅट घेतोयस तर मीटर सोड, आधी लेन्समधून टॉर्च मार

तुझा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे पुण्यात जुन्या बाजारात एक याशिका मॅट १२४जी, रोलवर चालणारा दोन भिंगांचा जुना कॅमेरा, दिसलाय, ९ हजार सांगतोय, उजेड मोजणारा मीटर बंद, लेन्समध्ये "थोडी जाळी", शटर चालतंय असं विकणाऱ्याचं म्हणणं. आणि दुसरा इस्लामपूरला एका बंद झालेल्या स्टुडिओच्या मालकाकडे, १६ हजार, मीटर बरोबर नाही, वरचा काळा रंग घासून पितळ दिसतंय, पण दोन वर्षांपूर्वी पूर्ण सर्व्हिस केलेला आणि अजून महिन्यातून एकदा ते काका त्यात रोल घालतात. तुझा ओढा पहिल्याकडे आहे कारण तो नवाकोरा दिसतो आणि ७ हजार वाचतात. मी तुझ्या जागी असतो तर इस्लामपूरची एसटी पकडली असती. पण नुसतं हे सांगून उपयोग नाही, उद्या तिसराच कॅमेरा समोर आला तर तुला स्वतःला ठरवता यायला हवं, म्हणून जरा लांबण लावतो.

माझ्याकडे हाच कॅमेरा १९९६ पासून आहे, साताऱ्यातल्या ओळखीच्या एका स्टुडिओने लग्नाचं सगळं काम ३५ एमएमवर नेलं तेव्हा त्यांच्याकडून घेतला. त्याआधीची कितीतरी वर्षं आपल्याकडच्या लग्नांचे आणि ग्रुप फोटोंचे निगेटिव्ह अशा दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांतून आलेत, कारण सहा बाय सहा सेंटीमीटरचा निगेटिव्ह हातात धरण्याएवढा मोठा, त्यावर पेन्सिलने रिटचिंग करता यायचं. १२४जी हे मॉडेल १९७० ला आलं आणि १९८६ पर्यंत बनत होतं. म्हणजे सगळ्यात तरुण १२४जी सुद्धा आज चाळिशीच्या आसपास आहे. आतलं ग्रीस वाळलेलं असतं, उजेड आत येऊ नये म्हणून लावलेला फोम कुजलेला असतो, आणि वापरात नसेल तर शटर आळशी झालेलं असतं. त्यामुळे सर्व्हिस न झालेला कॅमेरा घेताना सर्व्हिसचे पैसे किमतीत धरूनच हिशोब कर, मग तो ९ हजाराचा कॅमेरा ९ हजाराचा राहत नाही.

आता "थोडी जाळी". हा शब्द विकणारे फार सहज वापरतात आणि त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे धूळ, ती सोडून दे, फोटोवर काहीही परिणाम नाही. दुसरी म्हणजे धुकट थर, जुन्या ग्रीसची वाफ भिंगावर बसते तो, बहुतेक वेळा साफ होतो. तिसरी खरी बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा झाडाच्या मुळांसारख्या बारीक फांद्या. बुरशी नवीन असेल तर कारागीर भिंग उतरवून साफ करतो आणि काम भागतं, पण जुनी असेल तर ती भिंगावरचं कोटिंग खाते, आणि मग साफ केल्यावर सुद्धा तिचा ठसा तसाच राहतो. बघायचं कसं तर खालची लेन्स, म्हणजे फोटो काढणारी, अ‍ॅपर्चर एफ ३.५ ला, म्हणजे प्रकाशाचं छिद्र पूर्ण उघडं, शटर बी वर (बटण दाबलेलं असेतोवर उघडं राहतं ते), बाजूची क्रँक फिरवून शटर चढव, पाठ उघड, केबल रिलीजने (बटणात बसवायच्या तारेने) शटर उघडं धर आणि मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मार. समोरून सरळ बघू नकोस, तिरपं बघ, मगच फांद्या दिसतात. वरची लेन्स फक्त चित्र बघण्यासाठी असते, तिथे थोडी बुरशी असली तरी फोटोत येत नाही, पण ती दिसली तर खालच्या भिंगाकडे दुप्पट लक्ष दे, कारण दोघी एकाच कव्हरात राहिल्यात. विकणारा टॉर्च मारू देत नसेल तर नमस्कार करून निघ.

शटर. "चालतंय" म्हणजे १/१२५ ला टक् असा आवाज येतो एवढंच त्याने बघितलेलं असतं, आणि वेगवान स्पीड बहुतेक मेलेल्या कॅमेऱ्यातही वाजतात. तू १ सेकंद लाव. पाठ बंद करून क्रँक फिरवत राहा, काउंटर १ वर येऊन क्रँक अडेल, मग उलटी फिरवून जागेवर आण आणि बटण दाब. आतून गिअरची घरघर ऐकू आली पाहिजे, एकसारखी, आणि मनात "एकशे एक" म्हणेपर्यंत शटर बंद झालं पाहिजे. मग १/२, १/४, १/८, १/१५ असं प्रत्येक ठिकाणी दोन-तीनदा. मध्येच घरघर थांबली, पाती अर्धवट उघडी राहिली किंवा पहिल्यांदा हळू आणि पाचव्यांदा बरोबर असं झालं तर सर्व्हिस लागणार हे नक्की. सेल्फ टायमरच्या नादी लागू नकोस, जुन्या शटरमध्ये तो अडकला तर सगळं शटर घेऊन अडकतो. मी माझा गेली पंधरा वर्षं हलवलेला नाही.

इथे एक कळकळीने सांगायचंय. २००३ साली माझ्या कॅमेऱ्याचं शटर हळू झालं, मी घाईत होतो, चुलतभावाचं लग्न तोंडावर होतं, म्हणून जवळच्याच एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने अर्ध्या तासात परत दिला आणि शटर लोण्यासारखं चाललं, मी खूश. तीन आठवड्यांनी पाती एकमेकांना चिकटली. त्याने आत तेल सोडलं होतं. असल्या लीफ शटरची, म्हणजे भिंगातच बसवलेल्या पात्यांच्या शटरची, पाती कोरडीच चालतात, तेल पसरलं की ती चिकटतात आणि तेलाची वाफ भिंगावर बसते ती वेगळीच. नंतर मुंबईत फोर्टात, बोराबाजाराच्या बाजूला, एका म्हाताऱ्या कारागिराने पूर्ण शटर उघडून धुतलं, त्याला दोन महिने लागले आणि मी एक अख्खा मोसम कॅमेऱ्याशिवाय काढला. म्हणून कारागिराला पहिला प्रश्न हा विचार की शटर खोलून साफ करणार की वरून काही सोडणार. आणि तू स्वतः गंज सोडवायचा स्प्रे वगैरे काहीही मारायचं नाही, कितीही व्हिडिओ बघितलेस तरी.

मीटरची चिंता तू करतोयस ती मात्र मनातून काढून टाक. १२४जीचा मीटर सीडीएस सेलचा (उजेड ओळखणारा तुकडा), वरचं झाकण उघडलं की चालू होतो, आणि तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेला होता. त्या बॅटऱ्या पाऱ्यामुळे बंद झाल्या. साधी अल्कलाइन घातली तर १.५ व्होल्टमुळे काटा चुकीचं दाखवतो. कानाच्या मशिनीचा ६७५ नंबरचा झिंक एअर सेल एक रिंग घालून बसतो, १.४ व्होल्टच्या जवळ राहतो म्हणून बरं चालतं, पण स्टिकर काढल्यावर काही आठवड्यांत संपतो. एवढं करून पन्नास वर्षांपूर्वीचा तो सीडीएस सेल अजून खरं बोलेल याची खात्री नाही ती नाहीच. मोबाइलवर लाइट मीटरचं फुकट अ‍ॅप घे. बॅटरीच्या खोबणीत हिरवा गंज आहे का तेवढं बघ, कारण तो वायरने आत जातो.

फोकस जुळतोय का हे फार लोक तपासत नाहीत आणि मग पहिला रोल धुवून आल्यावर रडतात. वरच्या आणि खालच्या लेन्सचं फोकस एकाच वेळी जुळायला हवं, पण कोणी तरी पूर्वी लेन्स उतरवून परत बसवली असेल तर ते हललेलं असतं. पाठ उघडून फिल्म जिथे बसते त्या दोन रुळांवर धुरकट मॅजिक टेप ताणून लाव, शटर बी वर उघडं, एफ ३.५, आणि लांबच्या एखाद्या टॉवरवर किंवा पाण्याच्या टाकीवर वरून फोकस कर. मग टेपवरची उलटी प्रतिमा हातातल्या मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघ. दोन्हीकडे धार सारखी आली तर ठीक. नंतर दीड-दोन मीटरवर पेपर ठेवून परत बघ. नॉब फिरवताना जडपणा असेल तर ते वाळलेलं ग्रीस, सर्व्हिसमध्ये जातं.

फोमचं काही विशेष नाही, पाठीच्या कडेचा फोम डांबरासारखा चिकट झाला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात कोरायच्या काडीने काढून दीड-दोन मिलिमीटरचा नवीन लाव, एका संध्याकाळचं काम. आरशाला मात्र बोट किंवा कापड लावू नकोस, त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतो, पुसलास की गेला. फक्त फुग्याने हवा मार.

आणि कातडी कव्हर. जुन्या बाजारातला कॅमेरा कव्हरासकट मिळतोय याचा तुला आनंद झालाय, पण तेच कव्हर बहुतेक त्या जाळीचं कारण आहे. कातडं ओल धरून ठेवतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेल्या चपलेवर पांढरं येतं, मग बंद कव्हरात भिंगाचं काय होत असेल. माझं एक दुसरं भिंग मी असंच घालवलंय, चिपळूणला मामाकडे एक पावसाळा विसरलो होतो. त्यानंतर कॅमेरा स्वयंपाकघरातल्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून सगळे स्पीड चालवायचे, थोडं उजेडात ठेवायचं. इस्लामपूरचे काका महिन्याला एक रोल घालतात ना, माझ्या दृष्टीने तुझ्या वरच्या ७ हजारांची किंमत तिथेच वसूल आहे. पितळ दिसतंय ते हाताने घासून दिसतंय, म्हणजे तो कॅमेरा कपाटात पडून नव्हता.

आता फोटो काढण्याबद्दल थोडं. पहिला रोल काळा-पांढरा घाल, इलफर्ड एचपी ५ किंवा फोमापान, कारण रंगीत रोल चुकला तर जास्त लागतं. नंतर रंगीत हवा असेल तर कोडॅक गोल्ड २०० हा २०२२ पासून १२० मध्ये, म्हणजे या कॅमेऱ्याच्या रोलच्या मापात, मिळतो आणि आपल्या उन्हात त्वचेचा रंग फार छान देतो. माझे सुरुवातीचे काही रोल उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे इंदू होते, आता नाही मिळत, अजून आठवण येते. रोल सावलीत भर, कागदावरचा बाण आतल्या खुणेसमोर आणून मगच पाठ बंद कर, आणि पाठीतली फिल्म दाबून धरणारी प्रेशर प्लेट १२ वर आहे ना बघ, २४ ची जागा दुप्पट लांबीच्या २२० रोलसाठी होती.

उन्हाचा जुना नियम पाठ कर, चक्क उन्हात एफ १६ आणि शटर फिल्मच्या स्पीडएवढं. ४०० ची फिल्म असेल तर १/५०० ला एफ १६. दाट ढगात त्याच फिल्मला १/२५० ला एफ ८, झाडाच्या किंवा घराच्या सावलीत एफ ५.६, घरात खिडकीजवळ १/३० आणि लेन्स पूर्ण उघडी, भिंतीला टेकून. शंका आली की निगेटिव्ह फिल्मवर थोडा जास्तच प्रकाश दे, कमी दिलास तर सावलीतलं काहीच परत येत नाही.

स्क्रीनवर डावं-उजवं उलटं दिसतं, पहिले दोन रोल माणूस डावीकडे सरकला की तू उजवीकडे जाशील, होतं सगळ्यांचं. एक मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही, आणि जवळच्या फोटोत वरची लेन्स जे दाखवते त्यापेक्षा खालची लेन्स थोडं खाली बघते, म्हणून डोक्यावर जागा जास्त सोड, नाहीतर आजीचा अंबाडा कापला जातो. लोकांना मान खाली घालून बघणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही, हे मी इतक्या वर्षांत अनुभवलंय. डोळ्याला कॅमेरा लावला की आमच्या गावातली म्हातारी माणसं ताठ होतात, याशिका पोटाशी धरला की बोलत राहतात, आणि शटरचा आवाज इतका हळू की कधी काढला ते कळतही नाही. आपल्याकडच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी रोलीफ्लेक्सवर इतकं काम केलं ते बघ, तोही असाच कमरेशी धरायचा कॅमेरा.

रोल धुणं घरी शिक, अवघड नाही. एचपी ५ ४०० लाच काढला असेल तर डी-७६ या डेव्हलपरचं द्रावण पातळ न करता, २० अंशाला साडेसात मिनिटं. मे महिन्यात नळाचं पाणी तिशीत असतं तेव्हा बाटल्या परातीत बर्फाच्या पाण्यात ठेवून २० वर आण, घाई केलीस तर निगेटिव्ह जास्त काळे होतात. रंगीत रोल मात्र लॅबलाच दे.

तर रविवारी जाताना केबल रिलीज, टॉर्च असलेला मोबाइल, मॅजिक टेप आणि एक रोल बरोबर घेऊन जा. काकांना विचार की समोर एक रोल काढू का, खरा कॅमेरावाला माणूस नाही म्हणणार नाही. तिथेच बारा फोटो काढ, वेगवेगळ्या स्पीडला, कागदावर लिहून ठेव, त्यांचाही एक काढ. धुवून झाल्यावर मला दाखव, मग पैसे दे. आणि त्यांच्याकडे बे-१ मापाचा लेन्स हूड (भिंगापुढे लावायची सावली) पडलेला असेल तर तो मागून घे, जुन्या कोटिंगला उन्हात त्याची फार गरज पडते आणि वेगळा शोधायला गेलास तर वेळ जातो.