मुंबईतली चाळीस वर्षांची इमारत: दुरुस्तीवर पैसे घालावेत की पुनर्विकासाची वाट बघावी?

तुम्ही लिहिलंय की इमारत १९८५ची आहे, तळ अधिक चार, २४ फ्लॅट, लिफ्ट नाही. वरचे दोन मजले दर पावसाळ्यात गळतात, पार्किंगमधल्या एका कॉलमला उभी चीर गेलीय. कमिटीने ४० लाखांची दुरुस्ती काढलीय आणि निम्मी मंडळी म्हणताहेत, रिडेव्हलपमेंट होणारच आहे तर पैसे कशाला घालायचे?

आधी ती चीर. कॉलमला उभी, सळीच्या रेषेत गेलेली चीर म्हणजे बहुतेक वेळा आतली सळी गंजून फुगलेली असते. सभेची वाट बघू नका. या आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून दाखवा. गरज वाटली तर तो दोन दिवसांत टेकू लावून देईल. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागत नाही, आणि कोणी ठराव मागितलाच तर त्याला त्या कॉलमखाली गाडी लावायला सांगा.

आता मूळ प्रश्न. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, १९८३ची, तुमच्यासारखीच पण ३२ फ्लॅटची. बँकेतून निवृत्त झाल्यावर सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं आणि सात वर्षं तिथेच राहिलं. आमच्याकडेही ‘रिडेव्हलपमेंट येतेय’ ही हाकाटी मी सेक्रेटरी होण्याच्या आधीपासून होती. अजूनही येतेय. या दरम्यान जिन्यातल्या छताचा एक पोपडा दुधाच्या पिशव्या घेऊन चढणाऱ्या मुलाच्या पायाशी पडला. अर्ध्या फुटाने वाचला तो.

म्हणून माझं मत सरळ आहे. पुनर्विकासाची तयारी जरूर करा, पण त्याच्या भरवशावर दुरुस्ती थांबवू नका. तयारी म्हणजे काय ते बघा. जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? प्रॉपर्टी कार्ड काढून बघा. अजून बिल्डरचं किंवा मूळ मालकाचं नाव असेल तर आधी मानीव अभिहस्तांतरण, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात, म्हणजे बिल्डर सही देत नसला तरी सरकारी अधिकाऱ्याकडून जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं. मग सल्लागार, निविदा, सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या अधिकाऱ्यासमोर सभा, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती (२०१९च्या शासन निर्णयाने ती इथवर आणली, आधी अट कडक होती), करारनामा, परवानग्या. कागद हलायला लागल्यापासून घर रिकामं करेपर्यंत वर्षं जातात. शिवाय रस्ता अरुंद असेल, प्लॉटवरचा एफएसआय (किती बांधकाम करता येतं ती मर्यादा) आधीच भरपूर वापरलेला असेल किंवा विमानतळामुळे उंचीवर मर्यादा असेल, तर विकासक गोड बोलून चहा पितात आणि परत येत नाहीत. आमच्याकडे तिघांनी चहा प्यायला.

एक धोका आधीच सांगते. काही सोसायट्यांत कोणीतरी सुचवतं की सरळ ‘सी-वन’चा रिपोर्ट आणू, म्हणजे सगळे झक मारत तयार होतील. हे करू नका. महापालिकेच्या वर्गवारीत सी-वन म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. मग नोटीस येते, पाणी आणि वीज तोडली जाते, आणि तोवर विकासक ठरलेला नसेल तर भाडं कोण देणार? सी-टू-बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती करता येण्याजोगी इमारत. तळ अधिक चारच्या, वेळेत हात घातलेल्या बऱ्याच इमारती यात बसतात. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, मुंबईत कायद्यानेच करावं लागतं, ते प्रामाणिकपणे करून घ्या.

ऑडिट म्हणजे फोटो चिकटवलेली फाईल नव्हे, हे मला आमच्या पार्किंगमध्ये कळलं. इंजिनिअर बाई हातोडी घेऊन आल्या आणि प्रत्येक कॉलमवर ठोकत गेल्या. चांगल्या काँक्रीटचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. रिकाम्या माठाचा आवाज ओळखता येतो तसा तो चार कॉलमनंतर मलाही ओळखता यायला लागला. मग त्यांनी एका कॉलमचा कोपरा ताजा फोडला आणि त्यावर बाटलीतून फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. निरोगी काँक्रीट अल्कधर्मी असतं, ते गडद गुलाबी होतं. आमचा बाहेरचा दीड इंच तसाच करडा राहिला, आत कुठेतरी गुलाबी कड दिसली. सळी त्या करड्या भागात होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड चाळीस वर्षं आत झिरपत राहतो, सळीभोवतीचं संरक्षण जातं, त्यात पाणी पोचलं की गंज चढतो. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडतं. हे समोर बघितल्यावर ‘नुसता रंग काढून घेऊ’ म्हणणारे आमचे खजिनदार गप्प झाले.

गप्प व्हायला कारण होतं. २००८मध्ये आम्ही तेच केलं होतं. भेगांत सिमेंट-रेती भरली, वर महागडा रंग. तीन पावसाळ्यांत तोच रंग सिमेंटच्या ढलप्यांसकट खाली आला. गंजलेल्या सळीवर सिमेंट थापणं म्हणजे किडलेल्या दातावर चांदी बसवणं. नीट करायचं तर सैल काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत काढायचं, सळी घासून स्वच्छ करायची, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर थराथराने. जिथे सळी फारच झिजलीय तिथे नवी सळी जोडून मायक्रो-काँक्रीटचं जॅकेट, म्हणजे बारीक खडीच्या काँक्रीटचा भोवताली नवा थर. आणि बीमला हात लावण्याआधी खाली टेकू. हे ठेकेदाराच्या माणसांना माहीत असतं, पण घाई असली की टेकू विसरले जातात, तेव्हा कोणीतरी रोज खाली उतरून बघायला हवं.

पण या सगळ्याच्या आधी पाणी. पाणी बंद झालं नाही तर दुरुस्ती म्हणजे दर पाच वर्षांचं वर्गणीचं निमित्त. तुमच्या गळतीबद्दल एक साधी परीक्षा आहे: जानेवारीत ती जागा ओली असते का? असेल तर ते पावसाचं पाणी नव्हे, कोणाच्या तरी बाथरूमचं आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका बेडरूमचं छत वर्षानुवर्षं गच्चीच्या नावाने बदनाम होतं. शेवटी वरच्या घरातल्या न्हाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमचं पाणी जातं त्या जाळीत) रंग टाकून पाणी साठवलं, दुसऱ्या दिवशी खालच्या भिंतीवर लालसर डाग. वरच्या काकूंनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीनुसार, बाहेरच्या पाइपची, गच्चीची, पावसाची गळती सोसायटीच्या खर्चाने. बाथरूम-सिंकची गळती त्या सभासदाच्या खर्चाने. हा नियम सभेत आधी वाचून दाखवा, गळती शोधून झाल्यावर वाचलात तर तो कोणाच्या तरी विरुद्ध वाटतो.

गच्चीबद्दल एवढंच, की कोब्यावर (पाणी अडवायला घातलेल्या विटा-सिमेंटच्या थरावर) कोबा घालू देऊ नका. आमची गच्ची फोडली तेव्हा खाली एकावर एक दोन चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे थर, निघाली. चार इंच जाडीचा विटांचा कोबा दहा बाय दहाच्या खोलीवर दीड टनाहून जास्त वजन टाकतो, आणि असे थर आपण स्लॅबवर बसवत जातो. जुना काढा, मग नवा घाला, मग दोन दिवस पाणी भरून ठेवून तपासा. बिडाचे जुने सांडपाण्याचे पाइप त्याच वेळी बदला, कारण परांची एकदाच बांधली जाते.

भिंतीतले पिंपळ. आमच्याकडे चौथ्या मजल्याच्या छज्जावर पुरुषभर उंच होता आणि कापायला एकही कामगार तयार नव्हता. शेवटी एका सभासदाने गच्चीवर नारळ फोडला, मग काम झालं. वरून छाटून उपयोग नाही, मूळ भिंतीत राहतं आणि पुढच्या आषाढात परत डोकं काढतं. प्लास्टर फोडून मुळापर्यंत जावं लागतं.

आता पैसे. सिंकिंग फंडात (मोठ्या कामांसाठी दरवर्षी बाजूला काढायच्या निधीत) काही नाही, असं तुम्ही लिहिलंय. नसणारच. आदर्श उपविधी किमान पाव टक्का म्हणतात, पण तो फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या. १९८५चा बांधकाम खर्च फ्लॅटमागे ८० हजार धरला तर वर्षाला २०० रुपये. २४ फ्लॅटचे चाळीस वर्षांत व्याज सोडून दोन लाखही होत नाहीत. ‘किमान’ या शब्दाला सगळ्या सोसायट्या ‘कमाल’ समजून बसल्या. सर्वसाधारण सभा जास्त दर ठरवू शकते, तो आजच वाढवा. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी क्षेत्रफळाप्रमाणे घेतात. आम्ही ती बारा हप्त्यांत घेतली आणि दोन निवृत्त, एकट्या सभासदांना चोवीस हप्ते दिले. यावर वाद झाला, पण ते पैसे पूर्ण आले. थकले ते तीन फ्लॅट भाड्याने देणाऱ्याचे.

४० लाखांच्या आकड्यावर जाऊ नका, तो अंदाज जमिनीवरून मान वर करून काढलेला असतो. परांचीवर चढून ठोकून बघितलं की खराब प्लास्टर दीडपट निघतं. म्हणून करार प्रत्यक्ष मोजमापावर करा, आणि मोजमापाच्या वेळी ठेकेदाराबरोबर आपला इंजिनिअर नि एक सभासद हजर असू द्या. कोणी म्हणालं ‘एकरकमी देऊन मोकळे होऊ’ तर ठेकेदार कुठे मोकळा होईल त्याचा विचार करा. बिलावर १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका, आम्ही विसरलो होतो.

काम चालू असताना मीटर रूमही बघून घ्या. आमच्याकडे पोर्सलिनचे किटकॅट फ्यूज होते, पंखा आणि दोन ट्यूबच्या जमान्यातल्या वायरी, आणि वर प्रत्येक घरात एसी. मंजूर भार वाढवून, वर जाणाऱ्या मुख्य वायरी बदलून, एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे स्विच) बसवले. लिफ्ट बाहेरून जोडता येते. त्याला वेगळा पाया, परवानगी आणि मोकळी जागा लागते, पण गुडघे धरून चढणाऱ्यांना विचारा, रंगाआधी ते लिफ्ट मागतील. तेवढ्यात कोणी तळमजल्याच्या दुकानात ‘एक भिंत काढून घेतो’ म्हणाला तर काम थांबवा. २०१७च्या जुलैमध्ये घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावरच्या फेरबदलांकडेच बोट दाखवलं गेलं होतं.

वेळापत्रक असं ठेवा: पावसाळ्यात गळतीच्या जागा खडूने मांडून फोटो काढा, सप्टेंबरात निविदा, दिवाळीनंतर परांची, मेच्या मध्याला सगळं आवरलेलं. परांची असेपर्यंत खिडक्या बंद ठेवायला सगळ्यांना सांगा, चोऱ्या होतात. बिलातले ५ टक्के रोखून ठेवा आणि पुढचा पावसाळा गेल्यावरच सोडा. आमच्याकडे ऑगस्टमध्ये जिन्याच्या कोपऱ्यात ओल आली, ठेकेदाराला फोन केला, आणि तो दुसऱ्याच दिवशी माणसं घेऊन हजर झाला. त्याचे दोन लाख दहा हजार अजून आमच्याकडे होते.