बाळाच्या लोशनमध्ये मिनरल ऑइल आणि सेटिअरिल अल्कोहोल असेल तर चालतं का?

तुमचं बाळ चार महिन्यांचं आहे आणि बाटलीवरची तीन नावं वाचून तुम्ही धास्तावलाय: मिनरल ऑइल, सेटिअरिल अल्कोहोल आणि कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड. मी क्रीम-लोशनचे फॉर्म्युले बनवण्याचं काम करतो. या तिघांपैकी एकासाठीही मी ती बाटली बाजूला ठेवणार नाही.

सेटिअरिल अल्कोहोल म्हणजे मेणासारखे पांढरे, कोरडे तुकडे. साधारण 50 अंशांना वितळतात आणि लोशनला दाटपणा देतात. स्पिरिटसारखे उडून जात नाहीत, त्वचा कोरडी पाडत नाहीत. तिसरं लांबलचक नाव एका हलक्या, सहसा न खवटणाऱ्या तेलाचं आहे. मिनरल ऑइल पेट्रोलियमपासून येतं हे खरंच, पण कॉस्मेटिकसाठी वापरतात ते अत्यंत शुद्ध केलेलं असतं आणि त्वचेच्या वरच्या थरातच राहतं.

उलट ‘नैसर्गिक आहे, म्हणजे चांगलंच’ हे मला पटत नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक ॲसिड भरपूर असतं आणि ते त्वचेच्या वरच्या थराची घडी विस्कटतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मोठ्या माणसांच्या त्वचेवरसुद्धा हे दिसलं. सूर्यफुलाच्या तेलाने मात्र तसं झालं नाही. बाळाच्या त्वचेचा वरचा थर तर आपल्यापेक्षा पातळ, आणि वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ कितीतरी जास्त. लोकरीतून मिळणारं लॅनोलिनही नैसर्गिकच, पण एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाज सुटणारा आजार) असलेल्या काहींना त्याची ॲलर्जी होते.

तुम्ही बाटलीवरच्या घटकांच्या यादीचा शेवट वाचलात का? खरी गोम तिथे असते. बाळाच्या लोशनने पुरळ उठलं तर माझा पहिला संशय सुगंधावर जातो, दुसरा प्रिझर्व्हेटिव्हवर. यादीत ‘परफ्यूम’, ‘फ्रॅग्रन्स’ किंवा लव्हेंडरसारखं सुगंधी तेल दिसलं तर दुसरी बाटली बघा. मिथाइलआयसोथायाझोलिनोन या प्रिझर्व्हेटिव्हचं नाव दिसलं तर नक्कीच नको. अंगावर तसंच राहणाऱ्या उत्पादनांत ते वापरायला युरोपीय संघात 2017 पासून बंदी आहे. युरिया किंवा सॅलिसिलिक ॲसिडची क्रीमं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय या वयात लावू नका.

आणि त्वचा कोरडी नसेल तर रोज लावायलाच हवं असं काही नाही. घरात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या सुमारे 1400 बाळांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत, वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावूनही एक्झिमा टळला नाही. निकाल 2020 मध्ये आला. कोरडेपणा असेल तर मात्र सढळ हाताने लावा.

मिनरल ऑइलची मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच कारणाने. बेबी ऑइल पातळ असतं. बाळाने बाटली तोंडाला लावली आणि ठसका लागला तर ते फुप्फुसात उतरून गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. लोशनचा हा धोका त्यामानाने कमी, पण बाळ पालथं पडून हात मारायला लागलं की दोन्ही बाटल्या वरच्या फळीवर. त्वचा ओलसर, चिरलेली किंवा पिवळी खपली धरलेली दिसली तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, लोशन नंतर.