चर्च आणि वोडून, दोन्ही पाळणारी माणसं खरंच असतात का?

तुमचा प्रश्न असा की एकच माणूस ख्रिस्ती धर्म आणि आफ्रिकेतला पारंपरिक धर्म दोन्ही पाळतो का, आणि चर्चला ते चालतं का.

पाळतो, तेही उघड. मात्र मी फक्त पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाबद्दल बोलू शकतो; तिथल्या पारंपरिक धर्माला वोडून म्हणतात. कच्चा काजू घ्यायला माझं तिथे जाणं-येणं असायचं (तोच पुढे आमच्या वेंगुर्ल्याकडे फोडायला यायचा).

विदा शहरात कॅथलिक बॅसिलिका आणि अजगरांचं मंदिर समोरासमोर आहेत. पर्यटक तिथेच फोटो काढून परततात, पण खरी गंमत घराघरांत आहे. माझा एक व्यापारी दोस्त पक्का कॅथलिक, रविवारची मिस्सा चुकवत नाही. त्याच्या आवाराच्या तोंडाशी लेग्बा नावाचा वोडून देव आहे : मातीचा ओबडधोबड उंचवटा, लाल पामतेल ओतून ओतून काळा पडलेला. आपला कोकणी माणूस बघताच म्हणेल, हा तर राखणदार! आत भिंतीवर मरियमेची तसबीर, आणि कोपऱ्यात पितरांचं ‘आसेन’, म्हणजे लोखंडी दांडीवर बसवलेली तबकडी. तिथे पाणी नाहीतर सोडाबी, म्हणजे ताडीची गाळलेली दारू, वाहतात. बाप्तिस्मा, लग्न चर्चमध्ये; पण पोर सारखं आजारी पडायला लागलं की घरातलं कुणीतरी बोकोनोकडे, म्हणजे तिथल्या भगताकडे, जातंच. तो ‘फा’ नावाचा कौल लावून कुठल्या पितराचं काय राहिलंय ते सांगतो.

चर्चला हे अधिकृतपणे मान्य नाही. १९९३ साली पोप जॉन पॉल दुसरे बेनिनमधल्या कोटोनू शहरात वोडूनच्या पुजाऱ्यांना भेटले, आदरानं बोलले, पण निमंत्रण ख्रिस्ताकडे यायचंच दिलं. सरकारचं निराळं, दर जानेवारीत वोडूनची राष्ट्रीय सुट्टी असते. २०१३च्या जनगणनेत वोडून हा धर्म सांगणारे साधारण १२ टक्केच निघाले. माझा दोस्त अर्थातच त्यांत नाही, तो कॅथलिकांत मोजला गेला. असल्या आकड्यांवर म्हणूनच माझा फारसा भरवसा नाही.

सगळ्यांनाच हे पटतं असंही नाही. १९४७मध्ये पोर्तो-नोव्होत सुरू झालेलं सेलेस्टियल चर्च, पांढरे झगे घालून अनवाणी प्रार्थना करणारे लोक, त्यांना वोडून अजिबात खपत नाही. दोस्ताची बहीण त्यांच्यात गेली. ती भावाकडे जेवायला येते, पण पितरांना दिलेली कोंबडी असेल तर ताटाला हात लावत नाही. मग वहिनी तिच्यासाठी बाजारातून वेगळे मासे आणते.