सात मिनिटांसाठी बस गावात का येत नाही?

तुमचं गाव मुख्य रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. फाट्यावरून तासाला एक बस स्टेशनकडे जाते, स्टेशनातून दर तासाच्या ठोक्याला दोन्ही दिशांना रेल्वे सुटते. बस गावात वळवा असा अर्ज केला तर नकार आला, आणि तुम्ही विचारताय, "सात मिनिटांचाच तर प्रश्न आहे, मग एवढ्या आडमुठेपणाची गरज काय?"

मी बरीच वर्षं बसची वेळापत्रकं लावलीत, म्हणून सांगतो. आडमुठेपणा असेलही, पण नकाराचं कारण बहुतेक दुसरंच असणार. तुमच्या मार्गावर बस एकच असेल, आणि तिचा सगळा तास आधीच वाटला गेला आहे.

हिशोब मांडून बघा. रेल्वे 8:00 ला. म्हणजे बस 7:52 ला स्टेशनवर हवी, नाहीतर जिना चढून फलाट गाठेपर्यंत गाडी सुटते. उलट दिशेला, उतरलेल्या माणसाला बाहेर येऊन बस पकडता यायला हवी, म्हणून ती 8:08 ला सुटते. ही जी सोळा मिनिटं बस स्टेशनवर उभी असते, तिच्याकडे बघून लोक म्हणतात, "बघा, चालक चहा पीत बसलाय." अहो, तीच तर रेल्वेशी जोडणी आहे! राहिली 44 मिनिटं. एकवीस जायला, शेवटच्या गावात वळायला दोन, एकवीस यायला.

आता तुमचं गाव. आत जा, थांबा, वळा, बाहेर या: सात मिनिटं. पण बस जातानाही आत येणार आणि येतानाही, म्हणजे चौदा. 7:08 ला निघालेली बस 8:06 ला परत येते आणि आठची रेल्वे गेलेली असते. वाटेतल्या बाकी गावांतले जे लोक आज ती गाडी पकडतात ते आता नऊच्या गाडीसाठी चोपन्न मिनिटं फलाटावर बसणार. एकाच दिशेला आत घेतली तरी बस 7:59 ला येते. एका मिनिटात बाकावरून फलाटावर पोचणारे धावपटू असतील तरच जमेल. दुसरा उपाय म्हणजे फेरी 74 मिनिटांची करायची. मग सुटण्याच्या वेळा 7:08, 8:22, 9:36, 10:50 अशा होतात. त्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत आणि रेल्वेशी त्यांचा मेळ कधीमधी, योगायोगानेच बसतो.

तिसरा मार्ग मी स्वतः एकदा वापरलाय, आणि त्याची लाज अजून वाटते. स्टेशनवरचा थांबा कागदावर कापून दोन मिनिटांवर आणला. कागदावर सगळं सुरेख जुळलं. प्रत्यक्षात सकाळच्या पहिल्या फेरीला चार मिनिटं उशीर झाला की तो दुपारपर्यंत फेडता येईना, कारण फेडायला फट कुठेच उरली नव्हती. दोन महिन्यांत जुन्या वेळा परत लावल्या.

फेरी तासाच्या चौकटीत बसवायची आणि जोडणी सांभाळायची, याच तत्त्वावर स्वित्झर्लंडने 1982 साली देशभर दर तासाला त्याच मिनिटाला गाडी सुटेल असं रेल्वे वेळापत्रक आणलं. पुढे झ्युरिक ते बर्न हा 69 मिनिटांचा प्रवास नवा लोहमार्ग टाकून 2004 च्या डिसेंबरात 56 मिनिटांवर आणला. विक्रम करायचा नव्हता, तासाच्या आत बसायचं होतं, म्हणजे दोन्ही टोकांना पुढच्या गाड्यांशी जोडणी जुळते. 61 मिनिटं लागली असती तर एवढा खर्च जवळजवळ पाण्यात गेला असता. तुमच्या बसच्या 44 मिनिटांचं तेच आहे.

लहान गाडी घ्या, स्वस्त पडेल, असंही कुणीतरी सुचवेलच. गाडी लहान झाली तरी चालक एक लागतोच, आणि फेरीच्या खर्चात मोठा वाटा त्याच्या पगाराचा असतो. नेदरलँड्समध्ये 1977 पासून आठ प्रवाशांच्या 'बुर्टबुस', म्हणजे वस्तीच्या बस, चालतात त्या परवडतात, कारण चालवणारे गावातलेच स्वयंसेवक असतात. तेवढी माणसं नेमाने मिळणार असतील तर विचार करा.

माझा सल्ला वेगळा आहे: बस वळवा असं मागू नका, दुसरी बस मागा. आणि एकट्याने मागू नका. दोन बस झाल्या की प्रत्येकीला एका फेरीसाठी 120 मिनिटं मिळतात आणि तासाची सेवा तशीच राहते. स्टेशनवरची सोळा वजा केली तरी 104 उरतात. तुमचं गाव धरून फेरी 58 ची, म्हणजे शेवटच्या गावात बस 46 मिनिटं जादा उभी राहणार. एवढ्या वेळात ती पलीकडच्या एकदोन गावांना सहज जाऊन येईल, आणि त्यासाठी ना नवी गाडी लागेल ना नवा चालक. म्हणून त्या गावांना आत्ताच अर्जात घ्या. एका गावासाठी दुसरी बस मागितली तर उधळपट्टी दिसते, तिघांसाठी तीच मागणी पटते.

कुणी शेवटची फेरी बंद करून पैसे वाचवू म्हणालं तर मात्र ठाम राहा. ती रिकामी दिसते खरी. पण संध्याकाळी उशीर झाला तर परतायला बस नाही, हे कळलं की माणूस सकाळीच दुचाकी काढतो, आणि मग सकाळची फेरीही रिकामी होते.

अर्जाआधी एक काम करा. घड्याळ घेऊन वीस फेऱ्या करा: गर्दीच्या वेळी, शाळा सुटताना, पावसात. प्रत्येक वेळी जाऊन-येऊन किती मिनिटं लागली ते लिहा आणि आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. सरासरी काढू नका. सतराव्या क्रमांकाचा आकडा धरा, म्हणजे वीसपैकी सतरा फेऱ्या तेवढ्या वेळात होतात, आणि वरचा सगळा हिशोब त्याच्यावर पुन्हा करा. तो 44 च्या वर निघाला तर आजची बससुद्धा अधूनमधून रेल्वे चुकवतेच आहे, आणि दुसऱ्या बसची मागणी मग फक्त तुमच्या गावाची राहत नाही.