बेळगावात पाच माणसांच्या घराचा किराणा खर्च कसा आटोक्यात ठेवायचा?

पाच माणसं म्हणजे आधी तांदूळ बघा. 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या तांदूळ-डाळ-आट्यावर जुलै 2022पासून 5 टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही, 25 किलोच्या वरच्या पोत्यावरही नाही. दुकानात 26 किलोचं पोतं का दिसतं, ते आता कळलं असेल! चकचकीत पिशव्या सोडा, रविवार पेठेत दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि जास्त वाटलं तर शेजारणीबरोबर पोतं वाटून घ्या. सुटी तूरडाळ मात्र मूठभर हातावर घेऊन बघा. चुरा नि खडेच निघाले तर स्वस्ताई कसली?

मिरची नव्या हंगामात, उन्हाळ्याच्या तोंडावर घ्या. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. देठं खुडून, कडक वाळवून चटणी कांडून आणली की वर्षाची बेगमी झाली. पुड्या आणून परवडत नाही.

साबण, टूथपेस्ट, शाम्पूवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025पासून 18वरून 5 टक्क्यांवर आलाय. जुनी छापील किंमत दिसली तर विचारायला लाजू नका.

भाजी संध्याकाळी उशिरा. आणि अन्नभाग्यचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या रेशन योजनेतला, तांदूळ मिळत असेल तर सोडू नका, डोशाला फर्मास होतो.